कुणी मोडला?

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

आजोबांचा फोन येऊन गेला. येत्या शनिवारी तुला रायगडावर न्यायचं नक्की झालंय, रोपवेची चौकशी झालीय आणि आजी दशम्या-चटणी बांधून देणार आहे, असं कळलं. तू मात्र मागून ओरडत होतीस, "पण मी खूप कॅसल्स बघितलेत!" कोणते, म्हणून विचारलं तर एकाचंही नाव तुला सांगता येईना. साहजिक आहे. आपण ते सगळं हिंडलो तेव्हा तू एवढीशी होतीस. आणि फोटोंत नुसत्या भिंती आल्यात. तू जे बोलायचीस ते कुठल्याच फोटोत नाही, ते माझ्याकडे आहे. म्हणून शनिवारच्या आत हे पत्र मावशीच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय, ती छापून देईल. जोडाक्षरं अडली तर आजोबांकडून वाचून घे. शेवटचा भाग मात्र एकटीने वाच, त्यात त्यांची थोडी चेष्टा आहे.

आपला पहिला किल्ला कॉनवी. उत्तर वेल्समध्ये, नदीच्या मुखाशी, खडकावर. मँचेस्टरहून गाडीने दीडेक तास. आठ थोराड बुरूज, आणि किल्ल्यापासून निघून सगळ्या गावाला वेढा घालून परत किल्ल्याला येऊन मिळणारा तट, त्यावर आणखी २१ बुरूज. सिंहगड-राजगड करत मोठी झालेली मी, मला तो लांबून खोटाच वाटला, इतका धडधाकट. आत गेल्यावर कळलं की धड आहेत त्या फक्त भिंती. तू एका बुरुजाच्या तळाशी उभी राहून मान वर केलीस आणि विचारलंस, "ती फायरप्लेस वर कशी लटकलीये?"

खरंच, बुरुजाच्या पोकळीत एकावर एक शेकोट्या होत्या आणि त्यांच्यासमोर उभं राहायला जमीनच नव्हती. प्रत्येकीखाली भिंतीत ओळीने चौकोनी भोकं, तुळया बसवायची. मजले लाकडाचे होते, ते गेले, दगड राहिला, असं बाबांनी समजावून सांगितलं. त्यावर तू विचारलंस, "कुणी मोडला?" तेव्हा तुझा हिशेब सरळ होता. वस्तू मोडली म्हणजे ती कुणीतरी मोडलेली असते, आणि त्याला ओरडा बसलेला असतो. बाबा म्हणाले, फार जुना आहे ना, म्हणून. तू म्हणालीस, "भिंती पण जुन्या आहेत. त्या नाही पडल्या." बाबा गप्प. मग आम्ही फलकांकडे वळलो, तिकीटघरातून पुस्तिका घेतली आणि शोधून काढलं.

१६४० च्या दशकात इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. कॉनवी राजाच्या बाजूने लढला आणि १६४६ मध्ये पार्लमेंटच्या हाती पडला. राजाचं डोकं उडवून झाल्यावरही किल्ल्यांची भीती काही गेली नाही. उद्या कुणी बंडखोर आत शिरून बसला तर? म्हणून १६५५ मध्ये हुकूम निघाला की हा किल्ला पुन्हा लढाईच्या कामी येता कामा नये, आणि एका बुरुजाचं बाहेरचं अंग पाडून टाकलं. तो नंतर दुरुस्त झाला, त्यामुळे आज चटकन कळत नाही. पण खरा घात पुढे झाला. राजेशाही परत आल्यावर, १६६५ मध्ये, किल्ल्याच्या मालकानेच, कॉनवे नावाच्या सरदाराने, उरलंसुरलं लोखंड आणि शिसं काढून नेलं. गावातल्या मोठ्या लोकांनी विरोध केला, तरी नेलं. शिशाला भाव होता. छपरावरचं शिसं गेलं की वेल्सचा पाऊस आत, मग तुळया कुजतात, मग मजले खाली, आणि शेकोट्या हवेत.

म्हणजे सरकारने थोडा मोडला, मालकाने भंगारात काढला आणि उरलेलं पावसाने उरकलं. तुझा पुढचा प्रश्न होता, मालकाला कुणी ओरडलं का. नाही ओरडलं. ते तुला मुळीच पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पडकी वास्तू दिसली की आपण सगळं काळावर ढकलून मोकळे होतो. शाळेच्या सहलीत, पुस्तकांत, फलकांवर, सगळीकडे तेच. काळ बिचारा हातात पहार घेऊन येत नाही. नीट शोधलं तर बहुतेक ठिकाणी पहारवाला सापडतो, पुष्कळदा नावानिशी आणि सालासकट, आणि त्याचं कारण ऐकलं तर ते अगदी घरगुती निघतं. पैसे हवे होते, दगड हवे होते, नाहीतर शेजाऱ्याची धास्ती होती. त्या दिवसानंतर आपण कुठेही गेलो की तुझा तोच प्रश्न आणि माझी तीच शोधाशोध.

तुला तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती, आता सांगते. किल्ला म्हटलं की आपलं मन आपोआप आतल्या माणसांच्या बाजूने जातं. पन्हाळ्याचा वेढा म्हटलं की आपण वेढ्याच्या आत असतो. वेल्समध्ये हे उलटं आहे. डिसेंबर १२८२ मध्ये वेल्शांचा राजपुत्र लुएलिन मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने त्याचा मुलूख घेतला. घेतलेला मुलूख हातात राहावा म्हणून त्याने किनाऱ्याने किल्ले ठोकले: कॉनवी, कारनार्वन, हार्लेख, पुढे ब्यूमारिस. कॉनवीच्या जागी वेल्शांचा मठ होता, त्यांच्या जुन्या थोर राजाला तिथेच पुरलेलं होतं. एडवर्डने मठ उचलून आत नदीच्या वरच्या अंगाला हलवला आणि त्या जागी किल्ला बांधला. तटाच्या आतलं गाव इंग्लंडहून माणसं आणून वसवलं. तू ज्या सुंदर तटावरून पळत होतीस तो वेल्शांना बाहेर ठेवायला होता. अठराव्या शतकातल्या थॉमस पेनंट या वेल्श लेखकाने कारनार्वनच्या किल्ल्याला आपल्या लोकांच्या पारतंत्र्याचा सर्वांत भव्य बिल्ला म्हटलं होतं. भव्य आहे, हे त्यानेही नाकारलं नाही.

कॉनवीची एक गोष्ट मात्र तुला तेव्हाच तोंडपाठ झाली होती. सन १४०१, गुड फ्रायडे. किल्ल्यातली शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेली, दारावर दोन पहारेकरी. तेवढ्यात सुतार आले, कामाला आलोय म्हणाले. पहारेकऱ्यांनी आत घेतलं. ते सुतार नव्हते, ट्यूडर घराण्यातल्या भावांची माणसं होती, ओवेन ग्लिंडूर या वेल्श पुढाऱ्याच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडात सामील झालेली. एवढा मोठा किल्ला, भिंतीला ओरखडासुद्धा न पडता गेला! तू ही गोष्ट किती जणांना ऐकवलीस, आणि प्रत्येक वेळी सुतारांची संख्या वाढत गेली. पुढचा भाग मी तेव्हा गाळला होता. काही महिन्यांनी वाटाघाटी झाल्या, किल्ला परत दिला, भावांना माफी मिळाली. त्या माफीची किंमत म्हणून त्यांनी आपलीच काही माणसं बांधून इंग्रजांच्या हवाली केली आणि त्यांना हाल करून मारण्यात आलं. तू आता दहाची झालीस, पूर्ण गोष्ट तुला माहीत असायला हवी.

कॉनवीच्या तटावर आणखी एक चीज आहे जी तुला नक्की आठवायला हवी, कारण तिथून तुला हलवताना आमच्या नाकीनऊ आले होते. तटाच्या एका पट्ट्यात ओळीने १२ शौचकूप आहेत. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांवर तटाबाहेर काढलेले, थेट खाली मोकळे. तू ते मोजले, खालून मोजले, मग वरून जाऊन मोजले, आणि शिपायाने खालून बाण मारला तर काय, हा प्रश्न तिकीटघरातल्या काकूंना जाऊन विचारलास. त्या काकूंनी अतिशय गंभीरपणे उत्तर दिलं की म्हणूनच इथे कुणी वर्तमानपत्र वाचत बसत नसे.

लहान मुलाला घेऊन किल्ले बघायचे तर पडकेच बघावेत, असं माझं पक्कं मत झालंय. सजवलेल्या राजवाड्यांत मखमली दोर असतात, दर खोलीत "हात लावू नका" असतं, आणि मूल अर्ध्या तासात रडकुंडीला येतं. पडक्या किल्ल्यात हात लावायला सगळं मोकळं. गवतावर लोळता येतं, भिंतीतल्या कोनाड्यात बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाता येतात, जंग्यांतून बाबांवर खोटे बाण सोडता येतात. फक्त जिने सांभाळावे लागतात. ते चक्री जिने, मधल्या खांबाकडे पायरी निमुळती, बाहेरच्या बाजूला रुंद. मूल नेहमी रुंद बाजूला, चढताना मोठं माणूस मागे, उतरताना पुढे. ओल्या पाटीच्या दगडावर साधे बूट घसरतात. बाबागाडी मोटारीतच ठेवावी. आणि वर फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर, वारा असा असतो की टोपी हमखास जाते. तुझी कारनार्वनला गेली, समुद्रात. कारनार्वनचं तुला तेवढंच आठवलं तरी चालेल. पट्ट्यापट्ट्यांचे दगड, बहुकोनी बुरूज, एडवर्डचा मुलगा १२८४ मध्ये तिथे जन्मला, १९६९ मध्ये चार्ल्सला तिथेच युवराजपदाचा मुकुट घातला, हे सगळं मी बघितलं. तू टोपीसाठी रडत होतीस.

(जिने उजवीकडे वळतात ते वरून लढणाऱ्याच्या तलवारीच्या हाताला जागा मिळावी म्हणून, असं बरेच गाइड सांगतात. डावीकडे वळणारे जिनेही पुष्कळ किल्ल्यांत आहेत. तेव्हा शनिवारी कुणी छातीठोकपणे असं काही सांगू लागलं तर ऐकून घे आणि मग मोजून बघ.)

ब्यूमारिसला तुझा प्रश्न पहिल्यांदाच हुकला. अँगल्सी बेटावरचा हा किल्ला, भोवती पाण्याने भरलेला खंदक, त्यात बदकं. एका तटाच्या आत दुसरा तट, चारी बाजू सारख्या, कागदावर आखून काढल्यासारखा. पण बुरूज बुटके. तू नेहमीप्रमाणे विचारलंस, कुणी मोडला, आणि मला सांगता आलं की कुणीच नाही, हा पुरा झालाच नाही. १२९४ मध्ये मॅडॉगच्या पुढारीपणाखाली वेल्शांनी बंड केलं, ते मोडल्यावर १२९५ मध्ये एडवर्डने हा शेवटचा किल्ला काढला. जागा मोकळी करायला शेजारच्या लॅनवाइस गावातल्या वेल्श रहिवाशांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. त्या नव्या वस्तीचं नाव आजही न्यूबरो आहे.

काम बघणारा होता आल्प्सकडच्या सावॉय प्रांतातून आणलेला उस्ताद गवंडी, जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. त्याने फेब्रुवारी १२९६ मध्ये राजाच्या खजिन्याला लिहिलेलं पत्र टिकून आहे, आणि मला ते सगळ्या किल्ल्यांहून जास्त आवडतं. कामावर ४०० गवंडी आहेत, २,००० मजूर, २०० खाणवाले, ३० लोहार. दगड आणि कोळसा वाहायला १०० गाड्या, ६० मोठे छकडे आणि ३० बोटी. आठवड्याला २५० पौंड लागतात, मजुरी थकलीय, माणसांना पोटाला काही उरलेलं नाही, पैसे लवकर पाठवा. पैसे पुरेसे आले नाहीत. राजाचं लक्ष स्कॉटलंडच्या लढाईकडे लागलं, काम रेंगाळत रेंगाळत थांबलं आणि बुरूज ठरलेल्या उंचीला कधी पोचलेच नाहीत. तुझ्या लेगोसारखा, पेटी संपली म्हणून थांबलेला. तू खूप वेळ विचार करून म्हणालीस, "मग ह्याचं वाईट नको वाटून घ्यायला." मला मात्र त्या २,००० मजुरांचं वाटत राहिलं. कुठून कुठून आणलेली माणसं, हिवाळा, आणि पगार नाही.

पुढच्या वर्षी आपण उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीकडे गेलो. ही रोमन बादशहा हेड्रियनने इ.स. १२२ च्या सुमारास सुरू केलेली, समुद्रापासून समुद्रापर्यंत ११७ किलोमीटर. इथे पहारवाल्यांची गर्दी आहे. भिंतीचे घडीव दगड शेतकऱ्यांनी गोठ्यांना नेले, हेक्सहॅमच्या चर्चचं तळघर रोमन दगडांचं आहे, कुंपणं तर विचारूच नको. आणि सगळ्यात मोठा घास सरकारने घेतला. १७४५ मध्ये स्कॉटलंडमधून बंडखोर सैन्य खाली आलं, तेव्हा न्यूकॅसलहून कार्लाइलला तोफा न्यायला धड रस्ताच नाही असं सैन्याच्या लक्षात आलं. पुढच्या काही वर्षांत रस्ता बांधला, आणि मैलोन्‌मैल तो सरळ भिंतीच्या पायावरून नेला, खडीला तिचेच दगड. हे मी सांगत होते तेव्हा आपली गाडी त्याच रस्त्यावर होती. तू मागच्या सीटवर पाय वर घेतलेस आणि बाबांना म्हणालीस, हळू चालवा.

आज जी भिंत उभी दिसते तिच्यातली पुष्कळशी एका माणसामुळे. जॉन क्लेटन, न्यूकॅसलचा वकील. एकोणिसाव्या शतकात त्याने भिंतीवरची शेतं एकामागून एक विकत घेतली, दगड नेणं बंद केलं आणि ढासळलेले दगड परत रचून घेतले. मोडणाऱ्यांत एखादा जोडणाराही निघतो.

तिथल्या हाउसस्टेड्सच्या छावणीत सैनिकांचं सार्वजनिक शौचालय आहे, पन्हळीसकट. त्यावर तू स्वतंत्र निबंध लिहिला होतास, तो अजून फायलीत आहे. इथे पुन्हा लिहीत नाही.

व्हिंडोलांडा मात्र विसरू नकोस. ती रोमन छावणी भिंतीच्याही आधीपासूनची. तिथे लाकूड राहिलं, चामडं राहिलं, शाई राहिली, आणि का राहिलं तर मोडलं म्हणून! एक पलटण निघून जाताना लाकडी छावणी पाडायची, पुढची पलटण येऊन त्या पसाऱ्यावर माती-चिखल पसरून नवी बांधायची. खालचा थर ओला आणि हवाबंद झाला, त्यात कुजणं थांबलं. हजारो चामडी जोडे निघालेत. त्यातले बाळांचे जोडे बघून तू आपला बूट काचेला लावून मापत होतीस. १९७३ पासून तिथे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडताहेत. इ.स. १०० च्या आसपास क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने छावणीच्या सरदाराच्या बायकोला, लेपिडिनाला, ११ सप्टेंबरला माझ्या वाढदिवसाला ये असं आमंत्रण पाठवलंय. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या प्रेमाच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने घातल्यात. बाईच्या हातचं लॅटिन लिखाण याहून जुनं फारसं कुठे मिळालेलं नाही. आणखी एका पापुद्र्यावर कुणा मुलाने महाकाव्यातली एक ओळ गिरवायला घेतलीय, आणि शेजारी दुसऱ्या अक्षरात शेरा आहे, ढिसाळ. अभ्यासक तो मास्तरांचा मानतात. तू घरी आल्यावर मराठी शाळेच्या बाईंना हे सांगितलंस आणि वर म्हणालीस, वाईट अक्षराची वही दोन हजार वर्षं टिकू शकते.

माझा स्वतःचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो साउथ शील्ड्सच्या बंदरातल्या छोट्या संग्रहालयात, रेजिनाच्या थडग्याच्या दगडापाशी. ती दक्षिण इंग्लंडची, आधी दासी होती. बॅरेट्स नावाच्या माणसाने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तो सीरियातल्या पाल्मिराचा. ती तीस वर्षांची होऊन गेली आणि त्याने हा दगड करवून घेतला. वेताच्या खुर्चीत बसलेली, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. वर लॅटिन मजकूर आहे, जरा अडखळता. खाली एकच ओळ त्याच्या स्वतःच्या लिपीत, सुबक आणि सरळ: बॅरेट्सने मुक्त केलेली रेजिना, हाय हाय. त्या पावसाळी बंदरात ती ओळ किती जणांना वाचता येत असेल? तरी त्याने ती घातली. परक्या देशात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बाईला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही.

दगडावरचा तिचा चेहरा फुटलेला आहे. तू वहीत तिचं चित्र काढलंस, चेहरा घातलास आणि कपाळावर टिकली लावलीस. बॅरेट्सच्या गावाचं काय झालं ते तेव्हा तुला सांगितलं नव्हतं. पाल्मिरात दोन हजार वर्षांची देवळं उभी होती. २०१५ मध्ये आयसिसच्या लोकांनी सुरुंग लावून त्यातली दोन मोठी उडवली. तिथे काळाचं नाव घ्यायला कुणाला जागाच नाही.

आता रायगड. इथून पुढे एकटीने वाच.

आजोबा तुला राज्याभिषेकाची जागा दाखवतील, ६ जून १६७४ सांगतील, टकमक टोकावर तुझा हात सोडणार नाहीत. मग तू राजवाड्याचे नुसते चौथरे बघशील आणि नक्की विचारशील, कुणी मोडला. आजोबा तापतील. "तुमच्या इंग्रजांनी!" असं म्हणतील, तुझ्या पासपोर्टवरचा राग थोडा त्यात असतोच. ते खोटं नाही. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर तोफगोळे टाकले. बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. लाकडी वाड्यांना आग लागली, गड खाली करून द्यावा लागला. त्याआधी १६८९ मध्ये तो एकदा मोगलांनीही घेतला होता, हेही आजोबांना आठवण करून दे. आणि त्याच १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये म्हणून.

तेव्हा तू आजोबांना कॉनवीचं १६५५ सांग. हाच धंदा त्यांनी आधी स्वतःच्या घरी केला होता, तीच धास्ती, तीच पहार. त्याने त्यांचा राग कमी होईल असं नाही, आणि व्हायला हवा असंही मी म्हणत नाही. तोफ डागणाऱ्याला, मी माझं घरसुद्धा पाडलंय, अशी सबब चालत नाही. पण आजोबांना ही माहिती नवी असेल, आणि नवी माहिती मिळाली की ते निदान दहा मिनिटं शांत बसतात. एडवर्डचे ते चार किल्ले १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जुलै २०२५ मध्ये आपले बारा गड त्याच यादीत आले, त्यात रायगड आहे, आणि तमिळनाडूतला जिंजीही.

जगदीश्वराच्या देवळात जाशील तेव्हा पायरीकडे बघ. तिथे कोरलंय, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर". गड बांधून काढणारा माणूस हाच, असं आपल्याकडे मानतात. देवळातच एक संस्कृत शिलालेखही आहे, त्यात गडावर काय काय बांधलं त्याची यादी आहे: विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे. त्यातलं काय काय अजून सापडतं ते वहीत खुणा करून आण. जेम्सच्या पत्राशेजारी लावू.

दशम्या एका बैठकीत संपवू नकोस, वर ताक-लिंबूपाणी मिळतं पण आजोबांना मध्येच भूक लागते. रोपवेने जा आणि रोपवेनेच या. ते पायऱ्यांनी उतरू म्हणतील, मुळीच ऐकायचं नाही.

तुझी,
आई

ता.क. राणीवशाच्या चौथऱ्यांपाशी प्रत्येक महालाला शौचकूप आहे. नीट शोध, मोज आणि फोटो पाठव. बाबांनी कॉनवीच्या बाराशी पैज लावलीय.